‘अशुद्ध’ भाषेचा तास
ती कवयित्री होती, स्वतःकडे पदवी नसतानाही विद्यापीठात शिकवत होती आणि वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, तुझ्या घरची भाषा दाराबाहेर ठेवून येऊ नकोस. जून जॉर्डन नावाच्या एका भन्नाट मास्तरणीची ही गोष्ट.

समजा, तुमच्या वर्गातल्या एका मित्राच्या भावाला पोलिसांनी गोळ्या घालून मारलं. त्याच्या हातात काही शस्त्रबिस्त्र नव्हतं. सगळा वर्ग हादरलाय. तुम्ही ठरवता की गप्प बसायचं नाही, पेपरला पत्र लिहायचं.

आता प्रश्न असा की पत्र लिहायचं कोणत्या भाषेत?

शुद्ध, प्रमाण, छापील भाषेत लिहिलं तर निदान कुणीतरी वाचेल. पण गेलेला मुलगा ज्या भाषेत बोलायचा, त्याचा भाऊ ज्या भाषेत रडतोय आणि तुम्ही सगळे घरी ज्या भाषेत भांडता-हसता, त्या भाषेत लिहिलं, तर संपादक पहिल्या ओळीलाच कागद बाजूला टाकेल. ‘यांना धड लिहिताही येत नाही’ म्हणेल.

काय कराल?

हे काल्पनिक नाहीये बरं का. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या मध्यावर एका वर्गासमोर हाच प्रश्न होता. वर्ग होता जून जॉर्डन यांचा. त्या वर्गाने काय ठरवलं ते सांगतेच, पण आधी या बाई कोण ते बघू.

पाठांतर आणि मार

जून जॉर्डन यांचा जन्म १९३६चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील जमैकातून आलेले. वडील पोस्टात रात्रपाळीला, आई नर्स. जून लहान असतानाच कुटुंब ब्रुकलिनमध्ये राहायला गेलं.

वडिलांना मुलगा हवा होता. मुलगी झाली, तर तिलाच सैनिकासारखं वाढवायचं असं त्यांनी ठरवलं. बायबल, शेक्सपिअर, एडगर अॅलन पो आणि कृष्णवर्णीय कवी पॉल लॉरेन्स डनबार हे सगळं पाठ करायला लावायचं. चुकलं की मार. हा मार साधासुधा नव्हता. मोठेपणी त्यांनी बालपणाच्या आठवणी लिहिल्या, तेव्हा पुस्तकाचं नावच ‘सोल्जर’ ठेवलं.

गंमत बघा, याच घरात वयाच्या सातव्या वर्षी ती कविता लिहायला लागली. ज्या माणसाचा मार खाल्ला, शब्दांचा नादही त्यानेच लावला होता. हे दोन्ही त्यांनी कधी लपवलं नाही.

मग शाळा. एका शाळेत तर हजारो मुलांमध्ये ती एकटीच कृष्णवर्णीय. १९५३ साली न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या बर्नार्ड कॉलेजात प्रवेश मिळाला. तिथे काय झालं, हे त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. कॉलेजात कुणीही त्यांना एकाही कृष्णवर्णीय लेखकाचं पुस्तक वाचायला दिलं नाही. अभ्यासक्रमातल्या कुठल्याच गोष्टीचा त्या जिथून आल्या होत्या त्या गल्लीशी संबंध नव्हता. शेवटी पदवी न घेताच त्या बाहेर पडल्या.

म्हणजे पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवलेल्या या प्राध्यापिकेकडे स्वतःची पदवी नव्हती!

कवींनी भरलेली स्टाफरूम

१९६७ साली न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांना इंग्रजी लेखन शिकवायची नोकरी मिळाली. हे कॉलेज हार्लेमच्या टेकडीवर. १८४७ साली गरिबांच्या मुलांसाठी फुकट शिक्षण म्हणून सुरू झालेलं. पण १९६०च्या दशकात परिस्थिती अशी होती की टेकडीखाली कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन वस्ती आणि वर कॉलेजात बहुसंख्य गोरे विद्यार्थी. फी नव्हती, पण मार्कांची भिंत होती. खालच्या वस्तीतल्या शाळाच इतक्या वाईट होत्या की तिथल्या मुलांना ती भिंत ओलांडता यायची नाही.

त्यासाठी ‘सीक’ नावाचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. मार्क कमी पडले तरी मुलांना घ्यायचं, थोडी आर्थिक मदत द्यायची, जादा शिकवणी द्यायची. त्यातल्या लेखनाच्या वर्गांची सूत्रं मीना शॉनेसी नावाच्या बाईंकडे होती. या मीनाताईंनी भारी डोकं लावलं. शिकवायला नुसते व्याकरणवाले न नेमता कवी आणि लेखक आणले. जून जॉर्डन, ऑड्री लॉर्ड, एड्रिएन रिच, टोनी केड बाम्बारा असे सगळे एकाच कार्यक्रमात. आज त्यांची नावं साहित्याच्या इतिहासात आहेत. तेव्हा त्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे निबंध तपासत होत्या.

एप्रिल १९६९मध्ये कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण भागाचा ताबा घेतला. मागणी होती, शहरातल्या शाळांमध्ये ज्या समाजाची जितकी मुलं, तितकी कॉलेजात दिसली पाहिजेत. जॉर्डन विद्यार्थ्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि नुसत्या घोषणा न देता त्या मागण्यांच्या समर्थनार्थ त्यांनी निबंध लिहिला. १९७०पासून शहरातल्या शाळेतून बारावी झालेल्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा देण्याचं धोरण आलं. ओपन अॅडमिशन्स. (फुकट शिक्षण मात्र १९७६ साली, शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर बंद झालं.)

मग आरडाओरडा सुरू झाला. ‘दर्जा घसरला’, ‘यांना साधं वाक्य लिहिता येत नाही’ वगैरे. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही कुणाला नव्याने दार उघडलं की हीच टेप लागते.

शॉनेसी यांनी याला उत्तर दिलं ते काम करून. विद्यार्थ्यांचे जवळपास ४,००० निबंध घेऊन त्या बसल्या आणि चुकांची वर्गवारी केली. १९७७मध्ये त्यावर ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक आलं. सार असं की या चुका आळशीपणाच्या किंवा मंदपणाच्या नाहीत, त्यांच्यामागे लॉजिक आहे. मुलगा कुठला तरी नियम लावतोय, फक्त तो नियम तुमचा नाही. आधी तो समजून घ्या, मग शिकवा. लाल पेनाने गोल करणं सोपं असतं. पण ही चूक याने का केली असेल, हे विचारायला जास्त अक्कल लागते.

‘हे लोक असं विचित्र का बोलतात?’

जॉर्डन पुढे सेरा लॉरेन्स, येल अशा ठिकाणी शिकवून १९७८मध्ये स्टोनी ब्रुकला आल्या. तिथे त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांवरच्या साहित्याचा एक कोर्स घेतला. वर्गात बहुतेक मुलं कृष्णवर्णीय. वाचायला दिलं अॅलिस वॉकर यांचं ‘द कलर पर्पल’. या कादंबरीची नायिका ब्लॅक इंग्लिशमध्येच पत्रं लिहिते.

बाईंना वाटलं, मुलं खूश होतील. पण वर्ग गप्प. बऱ्याच वेळाने एकेकाने तोंड उघडलं. हे लोक असं विचित्र का बोलतात? हे बरोबर वाटत नाही. यात व्याकरणच नाही.

जॉर्डन यांच्या लक्षात एक गोष्ट आली. मुलं ही तक्रार करत होती, ती त्याच भाषेत! बोलताना जी भाषा सहज तोंडात होती, तीच कागदावर बघून त्यांना लाज वाटत होती. कारण ती छापलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

बाई चिडल्या नाहीत, भाषणही दिलं नाही. त्यांनी फळ्यावर काम दिलं. कादंबरीची सुरुवात प्रमाण इंग्रजीत करून दाखवा. मुलांनी केली आणि स्वतःच हसायला लागली. नायिकेचा जीवच गेला होता. वाक्यं बरोबर होती, पण बाई कुठे नव्हती. आपल्याकडे बहिणाबाईंच्या ओव्या कुणी सरकारी परिपत्रकाच्या मराठीत लिहून काढल्या तर जे होईल, तेच.

मग मुलांनीच मागणी केली की आम्हाला ही भाषा नीट शिकवा. पुढच्या सत्रात ब्लॅक इंग्लिशच्या कलेवर कोर्स सुरू झाला. पाठ्यपुस्तक नव्हतंच. मुलं आपापल्या घरचं बोलणं आठवायची, तपासायची आणि नियम शोधायची.

आणि नियम होते! एक बघा. प्रमाण इंग्रजीत ‘शी इज सिक’ म्हटलं तर ती आत्ता आजारी आहे की कायम असते, हे कळायला आणखी शब्द लागतो. ब्लॅक इंग्लिशमध्ये ‘शी सिक’ म्हणजे आत्ता आजारी आहे आणि ‘शी बी सिक’ म्हणजे नेहमी आजारी असते. ‘आहे’ आणि ‘असते’! मराठी माणसाला हा फरक लगेच कळतो, कारण तो आपल्या भाषेत आहे. ज्याला मास्तर ‘चूक’ म्हणत होते, तो प्रमाण भाषेत नसलेला एक बारीक अर्थ होता.

दुसरा नियम तर मला फारच लागला. वर्गाने शोधलं की या भाषेत कर्मणी प्रयोगाला जागा नाही. तुमच्यासमोर कुणीतरी जिवंत माणूस आहे आणि तुम्ही त्याच्याशी बोलताय, हे गृहीतच आहे. त्यामुळे कोणी केलं हे लपवता येत नाही. मी सध्या पेपरमध्ये इंटर्नशिप करते. ‘गोळीबार करण्यात आला’, ‘झोपड्या हटवण्यात आल्या’, ‘निर्णय घेण्यात आला’ असं दिवसाला दहा वेळा टाइप करते. हे वाचल्यापासून दरवेळी बोट अडखळतं. कोणी केला? कोणी हटवल्या?

त्या पत्राचं काय झालं?

याच वर्गात तो विद्यार्थी होता. शांत, हुशार, मन लावून काम करणारा. एके दिवशी त्याच्या पंचवीस वर्षांच्या भावाच्या मृत्यूची बातमी आली. ब्रुकलिनच्या पोलिसांनी त्याला मारलं होतं.

वर्गाने ठरवलं, लिहायचं. मग पेच आला तो भाषेचा. पत्र वाचलं जावं असं वाटत असेल, तर प्रमाण इंग्रजीच हवं, हे सगळ्यांना कळत होतं. पण ज्या व्यवस्थेने त्याला मारलं तिच्याच भाषेत त्याच्यासाठी रडायचं? वादावादी झाली. काही जण रडले. आणि शेवटी वर्गाने एकमुखाने निर्णय घेतला की आपल्याच भाषेत लिहायचं. पत्र छापलं जाणार नाही, याची पूर्ण कल्पना असून.

तसंच झालं. एका दैनिकाने नकार दिला, एका साप्ताहिकाला जागा मिळाली नाही, टीव्हीवाल्यांना रस नव्हता.

इथे सिनेमासारखा शेवट नाही. वर्ग हरला, आणि जॉर्डन यांनीही ते विजय म्हणून खपवलं नाही. त्यांनी काय केलं, तर १९८५ साली या सगळ्या प्रकरणावर एक निबंध लिहिला. त्यात मुलांची पत्रं घातली, त्यांनी शोधलेले नियम घातले आणि शेवटी त्या भावाने सत्राअखेरीस लिहिलेला लेख घातला. जे पत्र कुणी छापलं नाही, ते आज लेखन शिकवणाऱ्यांच्या अभ्यासाचा भाग आहे.

आणि त्या भावाचा लेख? तो प्रमाण इंग्रजीत आहे. स्वच्छ, धारदार. भावाचा मृत्यू, वंशवाद आणि दक्षिण आफ्रिका हे सगळं त्याने एका धाग्यात ओवलंय. म्हणजे त्याला दोन्ही येत होतं. कुठे काय वापरायचं, हे त्याचं तो ठरवत होता.

माझ्या मते जॉर्डन यांच्या शिकवण्याचा गाभा इथे आहे. ‘प्रमाण भाषा शिकू नका’ असं त्या म्हणत नव्हत्या. त्या स्वतः कमालीची नेटकी प्रमाण इंग्रजी लिहायच्या. त्यांचं म्हणणं होतं की एक भाषा शिकण्यासाठी दुसरीची लाज वाटायची गरज नाही.

पण नोकरी कोण देणार?

तुमच्या मनात आलंच असेल. ‘हे सगळं ठीक आहे, पण इंटरव्ह्यूला बोलीत बोललो तर नोकरी मिळेल का?’ हा प्रश्न जॉर्डन यांनाही झेलावा लागला, आणि तो गोऱ्यांकडून नाही, तर आपल्याच माणसांकडून. १९७१ला त्यांची ‘हिज ओन व्हेअर’ ही किशोरांसाठीची कादंबरी आली. ती अख्खी ब्लॅक इंग्लिशमध्ये आहे. तिला नॅशनल बुक अॅवॉर्डचं नामांकन मिळालं, आणि दुसरीकडे काही कृष्णवर्णीय पालकांनीच ती शाळेत नको म्हणून विरोध केला.

या पालकांना हसू नका. आपल्या बोलण्यावरून आयुष्यभर हिणवलं गेलेला बाप म्हणणारच, की पोराला ‘चांगलं’ बोलायला शिकवा. गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या कितीतरी मुलांना घरून हेच सांगितलेलं असतं. ‘नीट बोल तिथं, गावठी बोलू नको.’ त्यात प्रेमच असतं.

पण दुसरी बाजूही हळूहळू मान्य होत गेली. १९७४मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांत लेखन शिकवणाऱ्यांच्या परिषदेने, विद्यार्थ्यांना स्वतःच्या भाषेचा हक्क आहे असा ठराव केला. १९७९ला मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या शाळांविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की मुलं घरी कोणती भाषा बोलतात हे लक्षात घेऊनच शाळेने वाचायला शिकवलं पाहिजे. आधी ओळखा, मग शिकवा. शॉनेसी वेगळं काय म्हणत होत्या?

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९६६ला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी सुरू झाली. तिच्यावरून नाव घेऊन १९७२ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पँथरच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने कामाठीपुऱ्याच्या गल्लीतली भाषा मराठी कवितेत आणली. पुस्तकाला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची. ज्या शब्दांनी तेव्हा भलेभले दचकले, ते आज एम.ए.च्या मुलांना अभ्यासाला असतात.

कविता सगळ्यांसाठी

१९८९मध्ये जॉर्डन बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या, तिथे ओकलंड अगदी शेजारीच. १९९१मध्ये त्यांनी ‘पोएट्री फॉर द पीपल’ सुरू केलं. वरवर बघता कविता लिहायचा कोर्स. पण पद्धत वेगळी. एकदा शिकलेले विद्यार्थी पुढच्या सत्रात शिक्षक व्हायचे. इंजिनीअरिंगवाला, नर्सिंगवाली, जन्मात कविता न वाचलेला, कुणीही यावं. वर्ग विद्यापीठाबाहेरही गेले, शहरातल्या सरकारी हायस्कुलात, चर्चमध्ये. सत्राच्या शेवटी सगळ्यांनी लोकांसमोर उभं राहून आपली कविता वाचायची आणि छापायचीही.

मूळ नियम थोडे होते. ‘लोक’ या शब्दातून वंश, भाषा, वर्ग, वय, लैंगिकता अशा कुठल्याही कारणाने कुणालाही वगळायचं नाही. आणि एकमेकांना इतकं सुरक्षित वाटेल असं वागायचं, की खरं बोलायची हिंमत होईल.

म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा? अजिबात नाही! कविता कशी तपासायची, याची कडक यादी असायची. क्रियापद ढिलं आहे का? हा शब्द का? ओळ इथेच का तोडली? सगळ्यांना आत घेणं आणि सगळ्यांकडून चोख काम करून घेणं या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत, असं त्यांना कधी वाटलं नाही. ‘दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

१४ जून २००२ला स्तनांच्या कर्करोगाने जॉर्डन गेल्या. वय ६५. मागे कविता, निबंध, कादंबरी, नाटक, बालपुस्तकं असं भलंमोठं काम. आणि वर्गाची एक पद्धत, जी तुम्हाला होस्टेलच्या खोलीतही करून बघता येईल.

करून बघा!

जॉर्डन यांच्या वर्गातल्या नियमांवरून केलेला हा मराठी होमवर्क. चार-पाच मित्रमैत्रिणी जमवा.

१. घरची भाषा कागदावर आणा. आजी, काका, आई यांचं फोनवरचं एक मिनिटाचं बोलणं जसंच्या तसं लिहा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी, जी असेल ती. ‘सुधारू’ नका.

२. आता त्याचं प्रमाण मराठीत भाषांतर करा. काय हरवलं, त्याची यादी करा. हीच यादी तुमच्या बोलीच्या व्याकरणाची सुरुवात.

३. त्यावर दहा ओळींची कविता लिहा. ‘आहे’ आणि ‘होता’ शक्यतो टाळा, काम करणारी क्रियापदं शोधा. एक शब्द काढून अर्थ शाबूत राहत असेल, तर तो काढाच.

४. ‘करण्यात आले’ला बंदी. कोणी केलं ते लिहा.

५. मोठ्याने वाचा, एकमेकांसमोर. ऐकणाऱ्याने फक्त ‘मस्त’ म्हणायचं नाही. कुठला शब्द लागला आणि कुठला नाही, ते सांगायचं.

६. ज्यांचं बोलणं लिहिलंत, त्यांना फोन लावा आणि वाचून दाखवा. ‘आमचं कसलं लिहितोस रे’ असं म्हणतील. तरीही वाचा.